फॉरमॅट करू का?

चहा येईपर्यंत आमच्या सलीमभाईंचं ऐका. अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. कॉम्प्युटर एकच, पण त्यात विंडोजपण आहे आणि लिनक्स नावाची दुसरी सिस्टीमपण. लिनक्स मीच बसवून दिलं होतं. टॉवेलच्या सगळ्या डिझाइन त्यातच.

एकदा सकाळी त्यांचा फोन आला. "भाऊ, चालू केलं की नुसता काळा पडदा येतोय. 'ग्रब रेस्क्यू' एवढंच लिहितंय, पुढं जाईना."

लगेच गाडी काढून गेलो. विचारलं, "काल काय केलं होतं?"

"काय नाय की. विंडोज लावून बसलो होतो. त्यानं विचारलं, ही डिस्क फॉरमॅट करू का? एवढं अदबीनं विचारतंय, नाय कसं म्हणू?"

विंडोजला लिनक्सचा भाग वाचता येत नाही, म्हणून तो रिकामा समजून ते फॉरमॅट करू का, म्हणजे पुसू का, असं विचारत बसतं. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करून आत बघितलं, तर सगळी सिस्टीम पुसलेली. पण डिझाइन मी डिस्कच्या वेगळ्या भागात, दुसऱ्या पार्टिशनमध्ये ठेवल्या होत्या, त्या जशाच्या तशा होत्या. मग मी जरा ऐटीतच म्हणालो, "बघा सलीमभाई, मी वेगळं ठेवलं म्हणून वाचलं."

"तसं नाय," सलीमभाई शांतपणे म्हणाले. "त्या पार्टिशनचंबी विचारलं होतं त्यानं. मी हो म्हणणारच होतो, तेवढ्यात चहा आला."