लूनावरून कोगनोळी नाका

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती शंकरप्पा, सौ. अक्काताई आणि समोर बसलेल्या ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक बंधुभगिनींनो,

कागल स्टँडवर चौकशीच्या खिडकीत माझी खुर्ची शंकरप्पांच्या खुर्चीला लागून होती. तेव्हा आज बोलण्याचा मान मला मिळाला, याचा आनंद आहे आणि शंकरप्पांच्या चेहऱ्यावर थोडी काळजीही दिसते आहे.

शहाण्णव साली मठात प्रवचन झालं. ‘समोर येईल त्याच्यात शिव बघा,’ असं स्वामीजी म्हणाले. आम्हीही ऐकलं, प्रसाद खाल्ला आणि घरी गेलो. शंकरप्पांनी मात्र ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ड्रायव्हर-कंडक्टरांना रोज तेच प्रवचन, आणि खिडकीशी येणारा प्रत्येक पावणा ‘देवा’ झाला. ‘देवा, निपाणी गाडी पलीकडं.’ ‘देवा, तंबाखू भाईर थुका.’ एकदा तर माइकवरून, ‘सर्व देवांनी पाकीटमारांपासून सावध राहावं!’ मंडळी, अशी पूजा कोणत्या देवाला मिळाली असेल?

एका संध्याकाळी चिमणाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई धापा टाकत आल्या. डोक्यावर डिंकाच्या लाडवांचा डबा. दुसऱ्या दिवशी सकाळी आजऱ्यात नातवाचं बारसं.

‘आजऱ्याची गाडी कुटं लागत्या?’

‘देवा, आत्ताच सुटली. आता उद्याच.’

‘मी देव व्हय?’

‘व्हय की, देवा.’

‘मग देवाला रातभर फलाटावर निजवतोस व्हय रं?’

अध्यक्ष महाराज, या प्रश्नाचं उत्तर आमच्या वेळापत्रकात नव्हतं. शंकरप्पांचा चेहरा लाल झाला. खिडकी माझ्या हवाली करून त्यांनी बाईंना डब्यासकट आपल्या लूनावर बसवलं आणि गाडीच्या मागं निघाले.

पुढचं मला त्यांनीच सांगितलं. बाई आधी म्हणाल्या, ‘हळू, डबा पडंल!’ मग म्हणाल्या, ‘पळव की, गाडी चालली!’ दूधगंगेच्या पुलावर शंकरप्पा कडाडले, ‘ए म्हातारे, गप बस, न्हायतर उतर!’ म्हणजे देव पुलापर्यंतच टिकला.

गाडीवर आमचे उमरभाई होते. ते बघा, मागे बसून हसताहेत. आरशात लूना दिसताच त्यांनी गाडी आणखी दामटली. का? ‘मला वाटलं, सायेब ऱ्हायलेलं प्रवचन सांगाया येत्यात!’

कोगनोळी नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती, म्हणून गाडी सापडली. शंकरप्पांनी बाईंना हाताला धरून आत बसवलं आणि ओशाळून त्यांच्या पायाशी वाकले. ‘चुकलं, देवा.’

बाईंनी त्यांच्या हातावर लाडू ठेवला. ‘देव ऱ्हाऊ दे. मावशी म्हन. देव म्हनत हुतास तवा खुर्चीतनं हलला न्हाईस. म्हातारे म्हनलास, पर गाडीत बशिवलंस.’

दुसऱ्या दिवसापासून ‘देवा’ बंद झालं. ‘मावशी, काका’ सुरू झालं, आणि थकलेलं माणूस दिसलं की शंकरप्पांची खुर्ची रिकामी दिसायला लागली.

एक गोष्ट अक्काताईंनी मला परवा सांगितली. त्या संध्याकाळी कोगनोळीहून शंकरप्पा घरी आले, स्वतः तांब्या भरला आणि त्यांच्यापुढं ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदाच! अक्काताईंनी आधी त्यांच्या कपाळाला हात लावला. ‘ताप न्हाय,’ म्हणाल्या, आणि मग पाणी प्यायल्या.

बोलण्याच्या भरात कुणाचा मान राहिला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आपला ऋणी आहे. नमस्कार.