मेक्लितच्या नावापुढे बर्फाचा बाहुला

...नाही पण, मला सांगा, बर्फ! आमच्या अदिस अबाबात बर्फ! कुणी पाहिलाय? माझ्या आजोबांनी नाही पाहिला, त्यांच्या खेचराने नाही पाहिला, आणि आमच्या ॲपमध्ये बालवाडीत प्रवेश मिळालेल्या पोरांच्या नावापुढे एका जन्ममहिन्याचं चित्र काय, तर गाजराचं नाक लावलेला बर्फाचा बाहुला! आमच्या कंपनीच्या मालकांनी, गेताहुन साहेबांनी, परदेशातून तयार संच आणला. बारा महिने, बारा चित्रं. मी म्हटलं, "साहेब, आपल्या कॅलेंडरात महिने तेरा." तर म्हणतात कसे, "सोस्ना, पागुमे म्हणजे वर्षाच्या शेवटी उरलेले पाच दिवस! त्याला कसलं चित्र? यादी सुंदर दिसली पाहिजे!"

तुम्हाला सांगते, काम तसं सोपं हो! शाळेकडून माहिती येते, एकेका पोराचं गाठोडंच म्हणा ना... नाव, जन्मतारीख, पत्ता. फोनने ते सोडायचं, एकेक ओळ मांडायची, बोटाने वर सरकवलं की पुढची गाठोडी मागवायची, तोवर चाक गरगर फिरवायचं. झालं! पण साहेबांचा हुकूम, "ज्या ओळीला चित्र नाही ती गुपचूप गाळ. मधे पांढरा चौकोन दिसला तर शाळावाले काय म्हणतील?" गुपचूप! कळलं का? पागुमेत जन्मलेलं एकूणएक पोर गायब! मी भांडले, ओरडले, मग साहेबांनी ती गाळायची कोडची ओळ माझ्या सहकाऱ्याकडून, नाहोमकडून लिहून घेतली, तो कुणाशीच भांडत नाही. यादी मात्र सुंदर दिसत होती!

आणि गळलं कोण? मेक्लित! आमच्या ऑफिसखाली कॉफी भाजून देतात त्या अस्कालेच ताईंची लेक, पागुमेतच, रूफाएल देवदूताच्या सणाला जन्मलेली. नवं वर्ष लागायच्या आत यादीतल्या नावावर बोट दाबून होकार दिला नाही की जागा दुसऱ्याला. ताई कॉफी सोडून फोन सरकवतायत, सरकवतायत... "अगं सोस्ना, शाळेने तर जागा दिली म्हणून सांगितलं, मग हे चाक फिरून फिरून थांबतं आणि माझी पोरगी येतच नाही! शेजारचा तो नाक पुसायला न शिकलेला पोरगा आला, त्याच्यापुढे फुलपाखरू आहे! माझ्या लेकीने काय घोडं मारलं?"

काय सांगू त्यांना? की तुमच्या लेकीने जन्माला येताना चित्र आणलं नाही?

तशीच वर गेले. "साहेब, त्या पोरीला शाळा मिळालीय आणि आपण ती लपवतोय! ही चूक नाही, हा अन्याय आहे!" साहेब चहात साखर ढवळत म्हणाले, "अन्याय बिन्याय कॉलेजात. उपाय सांग."

"तेरावं चित्र! नव्या वर्षाचं पिवळं फूल काढू!"

"चित्रकार कोण बोलावणार? बाहुला लाव. तो एरवी काय करतो?"

तीन दिवस बसले हो! नाहोमची ती ओळ उपटली, चित्र न जुळणारं गाठोडं गाळण्याऐवजी निदान नाव तरी दिसेल असं केलं, आणि पागुमेच्या पोरांपुढे... दात ओठ खात... बाहुला लावला. धावत खाली गेले. ताईंनी सरकवलं, चाक फिरलं, फिरलं, आणि... मेक्लित! ताईंनी असं बोट दाबलं की फोन निखाऱ्यात पडता पडता राहिला. मग चित्राकडे बघत म्हणाल्या, "हा गोरा जाड्या कोण? मास्तर का?"

म्हटलं, हो.

आता हे सगळं काम पागुमेतलं. आणि आमच्याकडे पगार बाराच महिन्यांचा, पागुमेत सगळा देश फुकट राबतो! तरी गेले, म्हटलं, "साहेब, हे तीन दिवस जास्तीचे." साहेबांनी पगाराची यादी उघडून फोन माझ्यापुढे धरला. तीही आमचीच, त्याच संचातली. मी सरकवलं. बारा ओळी, बारा चित्रं, मग चाक. गरगर, गरगर...

सुंदर दिसते हो यादी.