छप्पर असलेली जागा

चहा घेताय ना, तर घेता घेता ऐका. गेल्या रविवारी मिस्सेची प्रार्थना झाल्यावर चहा पिऊन मी आणि आमची ही, मार्था, वसईच्या किल्ल्यात फिरायला गेलो. हल्ली ती फार विसरते. मी पोर्तुगीजांची एक गोल कमान बघत राहिलो आणि वळलो, तर मार्था नाही.

चर्चमध्येच बसली असेल म्हणून तिथली पडकी चर्चं एकेक करून पाहिली. कुठंच नव्हती. शेवटी पहारेकरी म्हणाला, "काका, एक आजी महादेवाच्या देवळात बसल्यात."

जमेल तसा धावलो. ही गार फरशीवर पाय पसरून बसलेली.

"अगं, इथं कुठं? मी सगळी चर्चं पालथी घातली!"

"तुमच्या पोर्तुगीजांच्या एका तरी चर्चला छप्पर उरलंय का? ऊन बघा किती! मराठ्यांनी किल्ला घेतल्यावर हे देऊळ बांधलं, ते अजून सावली देतंय."

कोणी आधी बांधलं, कोणी नंतर, हिला सगळं आठवत होतं! माझ्या जिवात जीव आला.

मग हळूच म्हणाली, "अहो, आपला सकाळचा चहा झाला का?"

"नाही गं," मी म्हटलं, आणि आम्ही दुसऱ्यांदा चहा प्यायलो.