एका डबीत दोघं

हॅलो?… हॅलो, ताई?… हो, हो, मीच. दवाखान्यातून. व्हरांड्यात बाकावर बसलेय… रडत नाहीये गं, सर्दी झालीय… बरं, रडतेय. झालं समाधान?

नाही, नाही, पोटात छान फिरतंय. सकाळपासून लाथा चालूयत… अगं ऐक ना. रिपोर्ट आलाय. रक्तातला तो एचआयव्ही दबलाच नाही. वाढलाय… हो, आठवा सरत आला तरी… गोळी? रोज एक घ्यायची, ठाऊक आहे मला… तेच सांगतेय, बोलू देशील का?

रोज नव्हते घेत. एक दिवसाआड… ओरडू नकोस, शेजारी माणसं आहेत! मधल्या दिवसाची ह्यांना देत होते.

हो… ह्यांनाही आहे. तीन महिने झाले, परगावी जाऊन तपासून आले… इथं कसे येतील? अर्ध्या गावाच्या दाढ्या ह्यांच्या हातच्या. उद्या त्या वस्तऱ्यापुढे मान कोण धरील?

नाही गं, त्यांनी नाही मागितल्या, उगीच शिव्या देऊ नकोस. मीच दिल्या. ताप उतरेना, माणूस डोळ्यांदेखत वाळत चाललेला. म्हटलं, देवानं एक डबी दिलीय, दोघांत पुरवू. देवाचं नाव घेऊन हातावर ठेवायचे… वेडी? म्हण, वेडी म्हण.

इथल्या डॉक्टरबाईंना कसं कळणार? महिनाअखेर डबी रिकामी दिसली की पाठ थोपटायच्या. मी आपली खाली बघायची.

आज सांगून टाकलं सगळं… छे, चिडल्या नाहीत. तेच जास्त लागलं गं. म्हणाल्या, असं वाटून घेतलं की औषध दोघांनाही पुरत नाही, आजार मात्र शिरजोर होतो. आता औषध बदलतील. बहुतेक पोट फाडून बाळंतपण. बाळाला जन्मल्याबरोबर औषध… होईल ना गं नीट? मी तीनदा विचारलं. ‘प्रयत्न करू’ म्हणतात. ‘नक्की’ कुणी म्हणत नाही.

आणि ताई, ह्यांना वेगळी डबी मिळते! फुकट! नुसतं इथं ह्या आजाराच्या औषधखिडकीशी जाऊन नाव सांगायचं होतं. तेवढ्यासाठी मी पोरीच्या… पोराच्या… जे असेल त्याच्या वाटचं…

हो. पुसते. पुसले.

हे? फाटकाशी उभेत. बाईंनी निरोप धाडलाय, आजच तुमची फाईल काढा… माहीत नाही येतील का. रिपोर्ट ऐकला तसे तडक बाहेर गेले…

थांब. आत येतायत… त्याच खिडकीकडे. आणि समोरच्या बाकावर आमच्या गल्लीतला शिंपी, आईला घेऊन आलेला. रोजचं गिऱ्हाईक! बघतोय गं टक लावून… नाही, परतले नाहीत. नमस्कार केला त्याला. उभे राहिलेत रांगेत…

अगं बाई… ताई, हे रडतायत गं. सगळ्यांदेखत, तोंडसुद्धा झाकलं नाही…

नाही, आता नको बोलूस. आईला काही कळवू नकोस. ठेवते मी… त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहते.