उभी ठेवलेली कुपी

सासूबाई : डोकं दुखतंय, हे आल्या आल्या सांगितलंस. आता डोळे का सुजलेत, तेही सांगून टाक.

सून : उन्हातून आले ना, आई.

सासूबाई : कुठलं ऊन? सकाळपासून आभाळ भरलंय. कपडे दोनदा आत आणलेत मी.

सून : मग धूळ गेली असेल.

सासूबाई : दोन्ही डोळ्यांत सारखीच? बरी वाटणी केली धुळीने. बस इथे. मटार सोल.

सून : मला जरा पडायचंय.

सासूबाई : पड की. पण मोबाइल कशाला उराशी धरलायस? डोकं दुखणारा माणूस पहिल्यांदा मोबाइल भिरकावतो. आल्यापासून काय लिहितेयस त्यात?

सून : काही नाही. मॅडमना मेसेज.

सासूबाई : वाच.

सून : आई...

सासूबाई : चष्म्याशिवाय मला दिसत नाही आणि चष्मा लावला तरी इंग्रजी येत नाही. तूच वाच. मला समजेल असं.

सून : "मॅडम, घरच्या अडचणींमुळे हे काम पुढे चालू ठेवणं मला शक्य होणार नाही. क्षमस्व."

सासूबाई : घरची अडचण म्हणजे कोण? मी?

सून : तसं नाही हो. असंच लिहायची पद्धत असते.

सासूबाई : कुणाच्या घरची पद्धत? छकुलीला शाळेतून आणतं कोण? तिच्या वेण्या घालतं कोण? सकाळी तू विद्यापीठात जायला निघतेस तेव्हा ओट्यावर एक भांडं तरी तुझ्या नावचं ठेवते का मी? तुझी नणंद फोनवर नाक मुरडून म्हणाली, "इतकी वर्षं घरी बसल्यावर आता तिला कोण विचारतंय." पोटची पोर असून फोन आपटला मी तिचा. आणि मी अडचण!

सून : आई, हळू बोला ना.

सासूबाई : का? खोटं बोलणारी तू, हळू बोलायचं मी? पुसून टाक ते. माझ्या घराच्या नावावर असलं काही खपवायचं नाही. खरं कारण काय आहे?

सून : खरं कारण लिहिण्यासारखं नाही.

सासूबाई : मॅडम टाकून बोलल्या?

सून : त्यांना अजून कळलेलंच नाही.

सासूबाई : काय कळलेलं नाही?

सून : मी मारल्या, आई.

सासूबाई : कुणाला मारलंस?

सून : माश्या.

सासूबाई : माश्या.

सून : त्या मोठ्या नव्हेत. बारीक असतात. केळी फार पिकली की घोंगावतात ना, त्या.

सासूबाई : चिलटं? चिलटं मेली म्हणून तू काम सोडतेस? अगं, सकाळपासून फडकं मारून मारून खांदा दुखला माझा. आधी सांगितलं असतंस तर डबाभर दिली असती बांधून! आणि समोरच्या बाईला मी काय सांगून ठेवलंय? सून मोठ्या प्रयोगशाळेत लागली. तिथे चिलटं पाळतात?

सून : पाळतात. हात थरथरण्याचा आजार असतो ना म्हातारपणी, तसा आजार त्यांच्यात आणून बघतात. मग त्यावर काय चालतं ते शोधतात.

सासूबाई : चिलटाचा हात थरथरतो?

सून : त्यांना काचेवरून वर चढता येत नाही. चढता चढता पडतात.

सासूबाई : बिचारी. बरं, मग मेली तर दुसरी घ्यायची. त्यांना काय तोटा आहे?

सून : या नाही मिळत. एका मुलीने दोन वर्षं घालवली यांच्यावर. याचा जोड तिच्याशी, त्यांच्या पिल्लांचा जोड आणखी तिसरीशी, असं करत करत हव्या तशा माश्या तयार केल्या. ती शिकून निघून गेली आणि मागे कुप्यांना बुरशी लागली. मोजके नर उरले होते. आज मॅडमनी ते माझ्या हातात दिले.

सासूबाई : तुझ्याच का?

सून : कसं वेचायचं ते शिकावं म्हणून. म्हणाल्या, नर एका कुपीत काढून ठेव, मग त्यांच्यात माद्या सोड. म्हणजे वंश चालू राहील. बस, एवढंच काम होतं.

सासूबाई : आणि ते तुला जमलं नाही.

सून : वेचायला जमलं. गॅस सोडून झोपवायचं असतं त्यांना. आपला शेगडीचा नाही, सोड्याच्या बाटलीत फसफसतो तो. गाढ झोपतात. मग भिंगाखाली बघून ब्रशने नर वेगळे करायचे. चित्रं रंगवायचा असतो तसा बारीक ब्रश. तेही केलं. नर नव्या कुपीत टाकले, वर कापसाचा बोळा लावला. कुपीच्या तळाला त्यांचं खाणं असतं, खळीसारखं, ओलं, चिकट. म्हणून त्या जाग्या होऊन चालायला लागेपर्यंत कुपी आडवी ठेवायची. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मला.

सासूबाई : आणि तू?

सून : उभी ठेवली.

सासूबाई : ऐकलं असूनही?

सून : आई, लग्नाआधी मी जंतूंवर काम करायचे. तिथे नळी कायम उभी. आडवी झाली की सगळं सांडलं, आठवड्याचं काम गेलं. हाताने आपसूक उभी केली हो. इतकी वर्षं भीती होती की हात सगळं विसरले असतील. विसरले नव्हते म्हणूनच घोळ झाला.

सासूबाई : मग?

सून : मग काय. चहा प्यायला गेले. येऊन बघते तर सगळे तळाला. पंख चिकटलेले, पाय रुतलेले. एकही हलत नव्हता.

सासूबाई : ढवळून, टोचून बघितलंस एखादा?

सून : मला बघवलंच नाही. कुपी ट्रेमध्ये मागच्या रांगेत ढकलली. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि निघाले.

सासूबाई : मागे ढकललीस.

सून : हो.

सासूबाई : कुणाला दिसू नये म्हणून.

सून : हो, आई.

सासूबाई : हे बघ, चिलटांचं मला सुतक नाही. पण तू चोरासारखी कुपी दडवलीस, शेपूट घालून घरी आलीस आणि वर घर पुढे केलंस ढालीसारखं. उद्या त्या बाई ती कुपी शोधतील. त्यांना वाटेल दुसऱ्या कुणी घोळ घातला. कुणा भलत्याच पोराला बोलणी बसतील. ते चालेल तुला?

सून : नाही चालणार.

सासूबाई : मग फोन लाव.

सून : मला काढून टाकतील. तीन महिने बघू, असं म्हणूनच घेतलंय मला. अजून पहिला आठवडा सरला नाही. मुलाखतीत त्यांनी विचारलं, मधली वर्षं कुठे होतात? मी म्हटलं, घरी. बाकी सगळ्या ठिकाणी तिथेच मुलाखत संपली होती. या एकट्या पुढे बोलल्या. इथून गेले तर कुणी दारात उभं करणार नाही मला.

सासूबाई : तर मग काढू दे ना त्यांना. तू आपणहून कशाला निघतेस? काढलं तर ताठ मानेने ये, मी दार उघडीन. पळून आलेलीला नाही उघडणार.

सून : आत्ता उघडलंत की.

सासूबाई : तेव्हा ठाऊक नव्हतं. लाव फोन.

(सूनबाई नंबर लावते आणि फोन घेऊन आतल्या खोलीकडे वळते. सासूबाई तिच्या हातून फोन काढून घेतात, स्पीकर दाबतात आणि सोललेल्या मटारांच्या ताटलीशेजारी ठेवतात.)

मॅडम : हॅलो, कुठे आहेस तू?

सून : घरी, मॅडम. डोकं... नाही, डोकं दुखत नव्हतं. मला एक सांगायचं होतं. ते नर... मी कुपी उभी ठेवली.

मॅडम : माहीत आहे.

सून : तुम्हाला माहीत आहे?

मॅडम : दुपारभर शोधत होते ती. मागच्या रांगेत कशी गेली?

सून : मी ढकलली.

मॅडम : हं. पाय फुटून तर गेली नसेल.

सून : सगळे मेले ना, मॅडम?

मॅडम : सगळे? कुणी सांगितलं तुला? दोन नर वरच्या बोळ्याला लटकून बसले होते. चांगले तरतरीत. बाकीचे मी ब्रशने सोडवून कोरड्या कागदावर ठेवलेत. कुणी उठेल, कुणी नाही उठणार.

सासूबाई : दोन जिवंत आहेत?

मॅडम : हे कोण बोललं?

सून : माझ्या सासूबाई. स्पीकरवर आहे फोन. सॉरी, मॅडम.

सासूबाई : सॉरी कसलं त्यात? नमस्कार, मॅडम. दोघांवर भागतं का हो तुमचं?

मॅडम : नमस्कार. एकावरही भागतं. एक नर आणि थोड्या माद्या, दोन-तीन आठवड्यांत कुपी गजबजते. दोन म्हणजे चैन आहे.

सासूबाई : ऐकलंस? चैन आहे म्हणतात.

मॅडम : रडतेय का ती?

सासूबाई : रडू द्या. मघापासून अडकलेलं होतं.

मॅडम : बरं, रडून झालं की ऐक. खिडकीत लाल ट्रे आहे, बघितलास?

सून : हो. जुन्या कुप्या आहेत त्यात. मला वाटलं, धुवायला काढल्यात.

मॅडम : त्या धुवायच्या नाहीत. आमच्याकडे ज्याच्या हातून काही बिघडतं, त्याने ती कुपी तिथे नेऊन ठेवायची. वर चिठ्ठी चिकटवायची, स्वतःचं नाव आणि काय केलं ते. येणारा-जाणारा वाचतो, हसतो आणि तेवढी एक चूक करत नाही. नवीच करतो. उभ्या ठेवलेल्या किती आहेत ते मोज कधीतरी. आणि त्या ट्रेमधली सगळ्यांत जुनी कुपी माझी आहे.

सून : तुमची?

मॅडम : विद्यार्थिनी होते तेव्हाची. गॅस तसाच चालू ठेवून जेवायला गेले होते. जागा बदलली तेव्हा सामानाबरोबर ती कुपीही आणली.

सासूबाई : सगळी गेली?

मॅडम : एकूण एक. आणि माझ्या सरांच्या होत्या.

सासूबाई : अगं बाई. मग काय म्हणाले सर?

सून : आई!

मॅडम : विचारू दे. काही म्हणाले नाहीत. चिठ्ठी लिहायला पेन दिलं. म्हणून तुझी कुपी उभी राहिली याचा मला राग नाही. ती मागे ढकललीस याचा आहे, आणि चांगलाच आहे. तेव्हाच हाक मारली असतीस तर आणखी काही सुटले असते. वेळ गेला तो शोधण्यात. पुन्हा असं लपवलंस, तर तीन महिने वगैरे विसर. त्याच दिवशी काढीन. कळलं?

सून : कळलं, मॅडम.

मॅडम : मग आता ही डोकेदुखी किती वेळ चालणार आहे?

सून : म्हणजे... मी यायचंय?

मॅडम : संध्याकाळी बाकीच्या कुप्यांतल्या नव्या माद्या कोषातून बाहेर पडतील. दुसऱ्या नरांच्या तावडीत सापडण्याआधी बाजूला काढायला हव्यात, नाहीतर पिल्लं कुणाची हे कुणाला कळणार नाही. तेवढ्या सगळ्या काय मी एकटीने वेचू?

सून : येते, मॅडम. आत्ता निघते.

मॅडम : सासूबाई, एक विचारू? फोन तिने आपणहून केला, की तुम्ही करायला लावला?

सासूबाई : नंबर तिने लावला.

मॅडम : आणि स्पीकर?

सासूबाई : तो मी दाबला. लपवत नाही.

मॅडम : ठीक आहे. ठेवते.

सून : आई! दोन जगले!

सासूबाई : ऐकलं. कान शाबूत आहेत माझे. अगं, गळ्यात काय पडतेस, मटार सांडतील! सांडलेच. राहू दे, मी वेचते. मेसेज पुसलास?

सून : पुसला. बघा.

सासूबाई : मला काय कळतंय त्यातलं. पुसलास म्हणतेस ना, झालं. तोंड धू आधी. गार पाण्याने, नाहीतर बसमध्ये लोक विचारतील घरात कोण गेलं.

सून : छकुलीला शाळेतून...

सासूबाई : रोज कोण आणतं? ते विचारत बसू नकोस. आणि रात्री उशीर झाला तर होऊ दे. तुझा नवरा येईल, त्याला वाढून घेता येतं. येत नसेल तर आज येईल.

सून : त्यांना सांगाल का हे सगळं?

सासूबाई : कशाला? त्याला काय चिठ्ठी लावायची आहे? तुझं तू सांग, वाटलं तर. काय गं, ती चिठ्ठी मराठीत लिहिलेली चालते का?

सून : माहीत नाही. का?

सासूबाई : सहज. नाव नीट अक्षरात लिही. किरटं लिहू नकोस, पत्ता लपवल्यासारखं.

सून : मोठ्ठं लिहीन. येते मी.

सासूबाई : जा. आणि पोहोचलीस की फोन कर.

सून : अहो, रोजचाच रस्ता आहे. मी काय हरवतेय? पोहोचेन की.

सासूबाई : तू पोहोचशील गं. कागदावर ठेवलेत ना, त्यातलं कुणी उठलं का, ते सांग.