आम्पारोची फेरी

आपल्या कारागीर मंडळाचे आणि आजच्या समारंभाचेही अध्यक्ष, आदरणीय तेओदोरो साहेब. व्यासपीठावर विराजमान आमचे पाद्री नेमेसियो. आमचे डॉक्टर साहेब. आज मास्तरांना आपल्या जहाजातून घेऊन जाणारे पाहुणे, कप्तान साहेब. पहिल्या रांगेत काठी उभी धरून बसलेल्या ऊर्सुला आजी, ज्यांचं नाव इतक्या उशिरा घेतलं म्हणून मला नंतर चार शब्द ऐकावे लागणार आहेत. बँडमधले माझे सोबती. जमलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो. आणि ज्यांना निरोप द्यायला आपण आलो, पण देववत नाही, ते मास्तर एवारिस्तो किन्योनेस,

अध्यक्षांनी मला थोडक्यात बोलायला सांगितलं आहे. त्यांचं बरोबर आहे. जमिनीकडचा वारा संध्याकाळी सुटतो, आणि एकदा सुटला की कप्तान साहेब काही कोणाचं भाषण संपायची वाट पाहणार नाहीत. मी डोंगरातल्या शाळेत शिकलेला, चर्चमध्ये पायपेटी वाजवणारा माणूस. मला बोलण्यापेक्षा वाजवणं बरं जमतं. पण पायपेटी इथवर उचलून आणायला कोणी तयार झालं नाही, म्हणून माझं बोलणं तुम्हाला सोसावं लागणार.

मास्तरांची ओळख मी काय करून देणार? या सभागृहात असा कोण आहे, ज्याच्या पायात मास्तरांनी शिवलेले बूट नाहीत? दिवसभर चामडं, आरी आणि दोरा; संध्याकाळी बँड. बोंबार्दिनो हे पोटाशी धरून वाजवायचं पितळी वाद्य. दुसऱ्यांच्या हातात ते हंबरतं. मास्तरांच्या हातात ते माणसासारखं बोलायचं. रविवारी चौकात ते वाजवायला लागले की भांडणारी नवराबायको गप्प व्हायची. आजी, मान हलवू नका. तुमच्या घरचं मी सांगत नाहीये.

सरलेलं त्र्याण्णव साल म्हणजे या गावात सगळं संगीताचंच साल. उपासकाळात चर्चमधलं मोठं लॅटिन गायन, सप्टेंबरात ग्रामदेवतेच्या, म्हणजे आपल्या संताच्या सणाचा नाच, आणि त्यानंतर क्यूबाहून आलेली संगीत नाटक कंपनी. इतकं गाणं-वाजवणं आपण पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. आणि त्या सगळ्यातून एकच पोरगी चालत गेली, मास्तरांची लेक. तिचं नाव आज कोणीच घेत नाहीये. मी घेतो. मास्तर, मला माफ करा. आम्पारो.

गुड फ्रायडेला आम्पारो वरच्या सज्ज्यात गात होती. वरच्या सुरावर पोहोचली आणि तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. खाली लोकांना वाटलं, पोरगी प्रभूच्या दुःखानं रडते आहे. कित्येक बायकांनी डोळे पुसले. मी पायपेटीवर, तिच्या शेजारी होतो. मला रुमालावरचा लाल डाग दिसला.

तिचं लग्न ठरलं होतं, आपल्या फाउस्तोशी. फाउस्तो पिंपं बनवतो. तो तिथे खांबाला टेकून उभा आहे. त्याला बसायला सांगू नका, तो बसणार नाही. आपल्याकडे लाडक्या पोरीचं लग्न ठरलं की तिच्या नावाची दान्सा, म्हणजे नाचाची नवी धून, व्हायला लागते, आणि बापच मास्तर असल्यावर विचारायला नको. पण उन्हाळ्यात डॉक्टरांनी तिच्या छातीला कान लावला आणि म्हणाले, "रोज थोडं चालायचं. नाचायचं नाही."

डॉक्टर साहेब, तुम्ही खाली पाहू नका. तुम्ही योग्य तेच सांगितलंत. मी तिथे होतो. ती लगेच म्हणाली, "पण फेरी चालेल ना? फेरीत तर चालतातच!"

तुम्ही हसलात. "फेरी चालेल," म्हणालात.

"कितीदा?"

"दम लागायच्या आधी थांबायचं. एवढंच."

कप्तान साहेब, आपण लांबचे, म्हणून आपल्यासाठी सांगतो. बाकीच्यांनी तोवर पंख्यानं वारा घ्यावा. आमच्या दान्सेचे दोन भाग. पहिला पासेओ, म्हणजे फेरी. त्यात पुरुष बाईला हात देतो आणि जोड्या सभागृहाला नुसती फेरी मारतात. चालता चालता बोलायचं, हसायचं. फेरी परत एकदा वाजते, मग एकमेकांना वाकून नमस्कार, आणि मग दुसरा भाग. त्यात नाच. आमच्यात खुळ्यालाही कळतं, फेरी कुठे संपते आणि कंबरेला हात कधी घालायचा. ज्याला कळत नाही, त्याला पोरगी मिळत नाही.

मास्तरांनी आम्पारोची फेरी लिहिली. काय फेरी आहे ती! दुसरा भाग लिहिला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "आन्सेल्मो, आधी ती बरी होऊ दे. मग बसतो नाच लिहायला. एका रात्रीचं काम आहे."

मग तो सणाचा नाच. हेच सभागृह, याच खिडक्या. आम्पारो फाउस्तोच्या हातात हात देऊन आली. पायात बापानं शिवलेले पांढरे बूट. इतका पातळ तळवा मी दुसऱ्या कुठल्या बुटाला पाहिला नाही. तो नाचासाठीच कापलेला होता. मास्तरांनी बोंबार्दिनो उचललं आणि फेरी सुरू केली. जोड्या फिरल्या. फेरी परत वाजली, परत फिरल्या. सगळे थांबले, वाकले, पुरुषांनी कंबरेला घालायला हात पुढे केले आणि बँड गेला पुन्हा फेरीवर! शंभर हात हवेत. कोणाला कळेना, ते खाली घ्यावेत की काय करावं.

अध्यक्ष महाराज, आपणच पहिले ओरडलात. "मास्तर! चामडं कमी पडलं काय?"

मागून कोणीतरी म्हणालं, "वरचा बूट झाला, तळवा लावायचा राहिला!"

सगळं सभागृह हसलं. मास्तर वाजवत राहिले. ते परत फेरीच्या टोकाला आले, आणि तिथून वळून परत सुरुवातीला. आता हसणं आटलं. "चालायचंच होतं तर बाहेर रस्ता काय वाईट होता?" असं एक जण म्हणाला. तो आज इथे आहे. त्याचं नाव मी सांगणार नाही. त्याला कळून चुकलं आहे. बँडवाले एकमेकांकडे पाहायला लागले. मास्तर सभागृहाकडे पाहतच नव्हते. ते दोन पांढऱ्या बुटांकडे पाहत होते. फेरी चालू असेपर्यंत पोरगी चालू शकत होती. फेरी संपली की तिला भिंतीकडच्या खुर्चीत जाऊन बसावं लागणार होतं, आणि बाकीच्यांना नाचताना पाहावं लागणार होतं.

हे आधी कोणाला कळलं? मला नाही. अध्यक्षांना नाही. ऊर्सुला आजी काठी आपटत उठल्या.

"गप्प बसा रे मेल्यांनो! साऱ्या जन्मात पहिल्यांदा मला झेपेल अशी दान्सा लागलीय. कोणीतरी हात द्या मला. अरे तेओदोरो, तू! तोंड काय चालवतोस, पाय चालव!"

आणि तेओदोरो साहेबांनी हात दिला. आजी चालल्या. त्यांच्यामागे एक एक करत सगळे. जे कधी नाचत नाहीत तेसुद्धा. स्वयंपाकातल्या बायका हात पुसत आल्या. पाद्री बाबा, आपण दारात उभे होतात. आपण आत आला नाहीत, पण आपला पाय ताल धरत होता, तो मी पाहिला. सगळं गाव चालत होतं, आणि मधोमध ती दोघं. फाउस्तो तिच्या कानात काहीतरी सांगत होता. काय, ते मी त्याला कधी विचारलं नाही. ती हसत होती.

फिरत फिरत ती बँडपाशी आली. कपाळावर घाम होता. थांबली आणि हळूच म्हणाली, "पपा, पुरे आता. लोकांना नाचू द्या."

मास्तरांनी वाद्य ओठांवरून काढलं. पुढे काय वाजवणार? पुढे काही लिहिलेलंच नव्हतं. सगळं सभागृह तसंच उभं. तेव्हा तीच म्हणाली, "असं काय बघताय सगळे? जुनी एखादी घ्या की!" आणि जाऊन आजींच्या शेजारी बसली. जुनी दान्सा लागली, लोक नाचले. ती बसल्या बसल्या बुटाच्या टाचेनं ताल देत होती.

मग नाटक कंपनी आली. कंपनीच्या मालकानं न्हाव्याच्या दुकानात ती फेरी ऐकली. न्हावी शीळ घालत होता. मालक तडक बुटांच्या ढिगाऱ्यात मास्तरांपुढे येऊन बसला. मी माझा बूट शिवायला घेऊन गेलो होतो.

"मास्तर, याचा नाच कुठाय? नाच द्या, मी नाटकात घालतो. सगळं हवाना गुणगुणेल."

"नाच डॉक्टरांकडे आहे," मास्तर म्हणाले.

मालकाला वाटलं, डॉक्टरही दान्सा लिहितात. "मग त्यांच्याकडून आणा ना!"

मास्तरांनी तोंडातला दोरा दातानं तोडला. "रोज मागतो," म्हणाले. "देत नाहीत."

नाताळच्या आधीच्या आठवड्यात आम्पारो गेली.

मास्तर माझ्याकडे आले नाहीत, मीच पाद्री बाबांकडे गेलो. म्हणालो, तिला बाहेर नेताना तिची फेरी वाजवू द्या. पाद्री बाबा म्हणाले, "आन्सेल्मो, चर्चमध्ये दान्सा? नाच चालत नाही, हे तुला मी सांगायचं?"

"फादर," मी म्हणालो, "त्यात नाच नाहीच आहे. नुसतं चालणं आहे."

पाद्री बाबांनी वेदीवरची मेणबत्ती सरळ केली. मग म्हणाले, "चालण्याला कोणाची हरकत असेल? प्रभूही सगळीकडे चालतच गेला."

मी वाजवली. अगदी संथ. शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत फाउस्तो होता, आणि त्या सगळ्यांची पावलं फेरीवर पडत होती. कोणी तसं ठरवलं नव्हतं. या गावाला त्या सुरावर दुसरं काही करताच येत नाही.

मला काल सांगितलं गेलं की भाषणात मास्तरांना थांबायची विनंती करा. बँडला तुमच्याशिवाय कोण, पोरांना कोण शिकवणार, वगैरे. मी करणार नाही. मीही गेल्या महिन्यात त्यांना अडवायला गेलो होतो. तेव्हा खिडकीखालून एक पाणी विकणारा शीळ घालत गेला, तीच फेरी. टोकाला आला आणि गप्प झाला, कारण पुढचं कोणालाच येत नाही. मास्तर हातातली आरी तशीच धरून थांबले होते. म्हणाले, "आन्सेल्मो, गावातलं लहान पोरसुद्धा रोज मला दारापर्यंत आणतं आणि तिथेच सोडून जातं. किती दिवस दारात उभा राहू?"

याला काय उत्तर द्यायचं? तुम्हाला सुचलं असेल तर सांगा, मी बसतो.

समुद्रापलीकडे सांतो दोमिंगोला त्यांचा भाऊ आहे, तिकडे ते निघालेत. तिथे कोणाला ही फेरी ठाऊक नाही. देव त्यांना तिथे सांभाळो.

आज सकाळी मास्तर चर्चमध्ये आले होते. बाकावर गुडघे टेकले, उठले, आणि माझ्याजवळ येऊन म्हणाले, "संध्याकाळी मी बाहेर पडेन तेव्हा बँडला तिची फेरी वाजवू दे. धक्क्यापर्यंत वाजू दे." मी हो म्हणालो. ते दारापर्यंत जाऊन वळले. "पण जहाजावर पाय ठेवेन तेव्हा कोणीतरी ते म्हणा. त्या रात्री बँडपाशी येऊन ती म्हणाली होती ते. त्याशिवाय माझ्या मनात ती फेरी थांबायची नाही. सांतो दोमिंगोपर्यंत वाजत राहील."

मी म्हणालो, "मी म्हणेन." ते गेल्यावर रिकाम्या चर्चमध्ये मी म्हणून पाहिलं. मोजून सहा शब्द. माझ्याच्यानं झालं नाही. मग फाउस्तोकडे गेलो. तो पिंपाला पट्टी ठोकत होता. त्यानं हातोडी खाली ठेवली. "मी म्हणतो," म्हणाला. "ती म्हणाली तेव्हा मीच तिच्या बाजूला होतो."

तेव्हा कोणीही चुकून मध्येच म्हणू नये, एवढी विनंती. ते शब्द फाउस्तोचे आहेत.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, पाद्री बाबांनी आपलं नाव असं भर सभेत घेऊ दिलं, डॉक्टर साहेबांनी ऐकून घेतलं, कप्तान साहेबांनी वाऱ्याला थोपवून धरलं, बँडवाल्यांनी मांडीवर वाद्यं ठेवून धीर धरला. सगळ्यांचा मी ऋणी आहे. बोलण्यात चूक झाली असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर खेडवळ माणूस म्हणून मोठ्या मनानं पदरात घ्या. मास्तर, तुमचा तर मी सगळ्यात मोठा अपराधी. घाईत असलेल्या माणसाला इतका वेळ बसवून ठेवलं. पण तुमच्या लक्षात आलंच असेल. तुम्हाला नाही तर कोणाला येणार? मघापासून मीही फेरीच फिरवतो आहे. टोकाला येतो आणि परत वळतो. माझं बोलणं चालू आहे तोवर तुम्ही त्या खुर्चीत आहात.

वारा सुटलाय. खिडक्या वाजायला लागल्या.

बँडवाल्यांनो, उचला वाद्यं. आजी, उठा. मला हात द्या.