जोलॉफच्या रांगेत

शिकागोतल्या त्या आफ्रिकन फूड हॉलमध्ये भिंतभर चित्रं होती आणि दुपारची तुडुंब गर्दी. घानाच्या स्टॉलसमोर रांगेत माझ्यापुढे एक काकू आणि त्यांची मुलगी मराठीत बोलत होत्या.

“कादंबरी, नेपरव्हिलहून एवढं ड्राइव्ह करून आपण भात खायला आलो?”

“आई, हा जोलॉफ आहे. टोमॅटो आणि मिरचीतला. तुला आवडेल.”

“बाजूच्या स्टॉलवर रांग नाही. तिकडे जाऊ या.”

“नको. इथलाच बेस्ट असतो.”

“तो उंच मुलगाच बनवतो का सगळं?”

“हो. क्वामे. बँकेतला जॉब सोडून त्याने हे सुरू केलं.”

“बँक सोडली? घरचे काही बोलले नाहीत?”

“त्याची आई वर्षभर रुसली होती. आता तिच्याच रेसिपी चालतात.”

“दिसतो चांगला. हातही स्वच्छ आहेत. लग्न झालंय का?”

“आई, हळू बोल ना.”

“त्याला कुठे मराठी कळतंय?”

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. तो मुलगा काउंटरवरून वाकला आणि एकेक शब्द जपून म्हणाला, “नमस्कार, काकू. तिखट चालेल?”

काकूंनी मुलीकडे पाहिलं.

“हे कोणी शिकवलं याला?”

“मी.”

“कधीपासून ओळखतेस?”

“दोन वर्षं झाली. आई, मी आज सांगणारच होते.”

“दोन वर्षांत एवढंच शिकवलंस?”

“अजून येतं त्याला थोडं.”

“मग सांग, नागपूरच्या माणसाला तिखट चालेल का असं विचारत नाहीत. आणि जरा जास्त वाढ म्हणावं.”